कापलेल्या तुकड्यात बसून बघा: चाऱ्याचं पीक वर्षानुवर्षं कसं टिकवायचं

चाऱ्याचा प्लॉट बघायला कुणी बोलावलं की उभं पीक मी सगळ्यात शेवटी बघते. आधी दोन-तीन दिवसांपूर्वी कापलेल्या तुकड्यात जाऊन बसते. उभं पीक काय, दोन पाणी आणि मूठभर युरिया मिळाला की कुणाचंही हिरवंगार दिसतं. कापलेल्या तुकड्यात मात्र सगळं उघडं असतं. बुडखे किती उंच ठेवलेत, कुठे वीतभर आणि कुठे जमिनीला चिकटून असं झालंय का, विळा साफ चाललाय की ठोंब ओरबाडलेत, बुडाशी नवे कोंब डोकावतायत का, एवढं पाहिलं की हा प्लॉट पुढे कुठल्या वाटेने जाणार ते कळतं.

नेलेल्या चाऱ्याचं वजन सगळे करतात. मागे काय ठेवलं त्याकडे कुणी बघत नाही, आणि बहुवार्षिक चारा टिकतो तो नेमका मागे ठेवलेल्यावर. म्हणून या लेखात आधी कापणीची उंची, मग दोन कापण्यांमधली उसंत, आणि नंतर खत-पाणी. लसूणघासापाशी (ल्युसर्न, पुढे नुसता 'घास') जरा जास्त थांबणार आहे, कारण लोकांच्या हातून सगळ्यात जास्त तोच मरतो.

एक फुटवा उभा चिरून बघा

हे एकदा केलंत की पुढचं निम्मं सांगावं लागणार नाही. गवताचा एक फुटवा, म्हणजे ठोंबातली एक सुटी काडी, बुडापासून उपटा आणि धारदार पात्याने वरपासून खालपर्यंत उभा चिरा. पात्यांच्या आवरणांच्या आत, अगदी तळाशी, टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका ठिपका दिसेल. तो वाढीचा कोंब. सगळी पाती तिथूनच निघतात, आणि कोवळं पातं लांबतं ते शेंड्याकडून नव्हे, बुडाकडून. म्हणूनच गवताचा शेंडा कापला तरी कापलेलं पातं दोन दिवसांनी वर सरकलेलं दिसतं, टोक चौकोनी तसंच. झाडाझुडपाला हे जमत नाही.

फुटवा नुसता पाल्यावर असतो तोवर हा कोंब जमिनीलगत असतो आणि विळ्याच्या, जनावराच्या दाताच्या खाली सुरक्षित राहतो. मग फुटवा कांड धरायला लागतो. पेरं लांबतात, कोंब त्यांच्याबरोबर वर चढतो, आणि पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस आतच फुगायला लागेपर्यंत, बराच वर गेलेला असतो. आता कापलं तर कोंबही गेला. तो फुटवा संपला. त्याच्या जागी बुडखावरच्या डोळ्यांतून नवे फुटवे यायला हवेत, आणि त्याला जास्त दिवस लागतात.

त्यामुळे एकाच गवताला दोन वेगवेगळ्या कापण्या लागू शकतात. पाल्यावर असताना कापलं तर तीच पाती लगेच पुढे चालू होतात. कांडावर आल्यावर कापलं तर आधी डोळे फुटायची वाट बघावी लागते. दुसऱ्या प्रकारात कापायच्या आधी ठोंबाच्या बुडाशी बोटांनी पाला बाजूला करून बघा. नवे टोकदार कोंब फुटलेले असतील तर बिनधास्त कापा. काहीच नसेल तर चार-पाच दिवस थांबलात तरी चाऱ्याचं काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गवताचा ठोंब अनेक वर्षं जगतो, पण त्यातला एकेक फुटवा तेवढा जगत नाही. काही आठवड्यांचे असतात, काही महिन्यांचे, फार तर वर्षभराचे. फुटव्यांना रंगीत दोरा बांधून ठेवला की हे डोळ्यांनी दिसतं: ठोंब तोच, पण काही महिन्यांनी दोरेवाले बहुतेक वाळलेले. म्हणजे ठोंब टिकतो याचा अर्थ एवढाच, की मेलेल्या फुटव्याच्या जागी नवा येत राहतो. नवा फुटवा यायला बुडाशी उजेड लागतो आणि ठोंबात थोडा साठा लागतो. फार दाट, उंच, लोळलेल्या गवतात उजेड नाही. सारखं खरडून कापलेल्या गवतात साठा नाही. दोन्हीकडे ठोंब विरळ होतो, फक्त कारणं उलटी.

किती उंचीवर कापायचं

१९५५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर यांनी गवताचा पाला वेगवेगळ्या प्रमाणात छाटून मुळांवर काय होतं ते पाहिलं. निम्मा पाला काढला तर मुळांच्या वाढीत जवळपास काहीच फरक पडला नाही. ६० टक्के काढला तेव्हा सुमारे निम्म्या मुळांची वाढ थांबली. ८० टक्के काढल्यावर सगळ्याच मुळांची वाढ थांबली, ती जवळपास १२ दिवस. म्हणजे निम्म्यापर्यंत गवत सोसतं, आणि त्यापुढे प्रत्येक मुठीला नुकसान वाढत जातं. चरायच्या कुरणात 'अर्धं घ्या, अर्धं ठेवा' म्हणतात त्याला आधार हा.

पण हा निम्मा हिशोब पाल्याच्या वजनाचा आहे, उंचीचा नाही. आखूड, पसरणाऱ्या गवताचा बहुतेक पाला खालच्या चार बोटांत असतो. तिथे वरची निम्मी उंची कापली तरी पाला फारसा जात नाही. संकरित नेपियरसारख्या उंच गवताचा पाला सगळा वर, खाली नुसती कांडं. ते वीतभर उंचीवर कापलं तरी पाला जवळजवळ शंभर टक्के गेला. नेपियर हे सोसतं, कारण त्याच्या बुडख्यात आणि मुळांत साठा असतो आणि बुडाशी डोळे भरपूर असतात. पण दर वेळी शून्यातून उठायचं म्हटलं की उसंतही तशीच हवी. म्हणून उंची आणि उसंत वेगळी ठरवता येत नाही. खाली कापणार असाल तर उशिरा परत या. लवकर परत यायचं असेल तर मागे हिरवं पान ठेवा. माझ्या मते चाऱ्यातला कुठलाही सल्ला या एका कसोटीवर घासून घ्यावा.

आकडे हवेत म्हणून देते. नेपियर जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर. गिनी गवत आणि तशी ठोंबाची गवतं त्यापेक्षा थोडी वर, साधारण १५ सेंटिमीटर. चरायला सोडणार असाल तर आणखी बरीच वर. जमिनीवर धावणारी, पेरापेरांवर मुळं धरणारी गवतं ५ सेंटिमीटरवरही तगतात, कारण त्यांचे कोंब आणि साठा दोन्ही आडव्या धावत्या खोडांत, विळ्याच्या खाली असतात. हरळी कितीही कापली तरी का मरत नाही याचं उत्तर तेच.

नेपियर सलग उंच ठेवून कापत गेलात की जुन्या कांडांच्या वरच्या डोळ्यांतून बारीक, कमजोर फांद्या येतात आणि ठोंब जमिनीपासून वर वर चढतो. मध्यभाग वाळतो, कडेने फुटवे येतात, ठोंब पोकळ होतो. त्यासाठी वर्षातून एकदा, जोमाची वाढ सुरू व्हायच्या तोंडावर, वाळकी धसकटं काढून टाका, फार पसरलेला ठोंब कुदळीने फोडून कमी करा आणि मातीची भर द्या. काढलेल्या ठोंबांनी नांग्या, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा, भरून घ्या. विळ्याला धार असू द्या, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. बोथट विळ्याने कापणारा माणूस ठोंब हिसकतो, आणि हलक्या जमिनीत अर्धे फुटवे मुळासकट हलतात.

परत कधी यायचं

'नेपियर ४५ दिवसांनी' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. ते चुकीचं नाही. पहिली कापणी लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी आणि पुढच्या ४० ते ४५ दिवसांनी, ही सरासरी चांगली आहे. पण उष्ण, ओल्या दिवसांत तेच गवत ३५ दिवसांत तयार होतं आणि थंडीत ६० दिवसांतही होत नाही. गवताला पंचांग कळत नाही. त्याला कळतो तो उजेड आणि ऊब.

मी दोन खुणा बघते. पहिली खूण उजेडाची. भर दुपारी पिकात वाकून जमिनीकडे बघा. कवडसे भरपूर पडत असतील तर अजून उजेड वाया जातोय, वाढीला वाव आहे. कवडसे जवळजवळ संपलेत आणि सगळ्यात खालची पाती पिवळी पडू लागलीत, तर वेळ झाली. शास्त्रज्ञ हीच गोष्ट पिकाने ९५ टक्के उजेड अडवला अशी मांडतात. त्यानंतरही गवत वाढतं, वजनही वाढतं, पण ते वजन मुख्यतः कांडाचं आणि वाळलेल्या पानांचं. ब्राझीलमध्ये गिनी गवताच्या मोम्बासा वाणावर हे मोजलं तेव्हा ही अवस्था साधारण ९० सेंटिमीटर उंचीला आली. त्या वाणाला चरायला सोडायची उंची मग तीच धरली गेली, दिवस कितीही लागोत.

दुसरी खूण पानांची, आणि ती पाल्यावरच्या गवतांना लागू पडते. थंड हवेतल्या रायगवताच्या फुटव्यावर एका वेळी साधारण तीनच जिवंत पानं राहतात; चौथं आलं की पहिलं मरतं. कापल्यानंतरचं पहिलं पान गवत साठ्यातून काढतं, दुसऱ्या पानापर्यंत साठा भरून यायला लागतो, तिसऱ्याला तो भरलेला असतो. म्हणून दुसरं पान पूर्ण व्हायच्या आत कापणं म्हणजे गवताच्या घरातली बेगमी लुटणं, आणि तिसऱ्यानंतर थांबणं म्हणजे कुजायला ठेवणं. प्रत्येक गवताची पानांची संख्या वेगळी असते. तुमच्या गवताची स्वतः मोजा: एका फुटव्यावर किती हिरवी पानं झाल्यावर खालचं पिवळं पडतं, तोच त्याचा आकडा.

लवकर कापण्याकडे ओढा असतो, कारण कोवळा चारा जनावर आवडीने खातं आणि त्यात प्रथिनं जास्त असतात. खरं आहे. पण कोवळ्या नेपियरमध्ये ऑक्झलेटही जास्त असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. पुरेशी उसंत देऊन घेतलेल्या कापणीत ते कमी होतं. नुसतं नेपियरच खाऊ घालणाऱ्यांनी हे विसरू नये.

लसूणघास

घासाचं गणित गवतापेक्षा वेगळं आहे. त्याचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो, त्यामुळे कापणीत तो दर वेळी जातोच. पुढची फूट येते ती जमिनीलगतच्या गाठाळ गड्ड्यावरच्या डोळ्यांतून, आणि तिला खाऊ घालतं सोटमूळ. कापल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे, फूट साधारण वीतभर होईपर्यंत, मुळातला पिष्टाचा आणि नत्राचा साठा उतरतच असतो. पाला पुरेसा झाला की प्रवाह उलटतो आणि मूळ भरू लागतं. भरपूर फुलोऱ्यात ते सगळ्यात भरलेलं असतं. कापल्यावर मुळांवरच्या गाठींमधलं नत्र स्थिरीकरणही, म्हणजे हवेतलं नत्र पकडायचं काम, काही दिवस मंदावतं.

आता वीतभर झालेला घास कापला तर काय होईल? साठा अगदी तळाला असताना त्याला पुन्हा फुटायला लावलं. एकदा केलं तर तो सावरतो. तीन वेळा ओळीने केलं की रोपं बारीक होतात, फूट उशिरा येते, मोकळ्या जागेत तण शिरतं, आणि मग दोष बियाण्याला.

म्हणून पेरणीनंतरची पहिली कापणी घाईने घेऊ नका. ५५ ते ६० दिवस जाऊ द्या, मूळ खोल जाऊ द्या. पुढच्या कापण्या उबदार दिवसांत २५ ते ३० दिवसांवर येतात, थंडीत लांबतात. दिवसांपेक्षा खूण बरी: शंभर काड्यांपैकी दहा काड्यांवर फूल दिसलं की कापणी. थंडीत फूल यायला फार वेळ लागतो, तेव्हा बुडाशी बघा. गड्ड्यावर नवे कोंब दोन-तीन सेंटिमीटर झाले असतील तर कापा. ते विळ्याच्या पातळीच्या वर गेले असतील तर उशीर झालाय. आता कापणी थोडी वरून घ्या, नाहीतर पुढच्या पिकाचे शेंडे याच पेंढीत येतील. आणि वर्षातून निदान एक कापणी अर्धाअधिक फुलोरा येईपर्यंत लांबवा. त्या पेंढीत काडी जास्त येईल, दूध थोडं कमी होईल. ते सोसा. ज्या भागात कडाक्याची थंडी पडते तिथे ही लांब उसंत कडक गारठ्याच्या आधी चार ते सहा आठवडे द्यायची असते, म्हणजे मूळ भरलेलं घेऊन घास थंडीत शिरतो.

साठा आहे की नाही हे कळत नसेल तर एक रोप खणून काढा. चांगल्या उभ्या पिकातलं एक रोप गेलं तर काही बिघडत नाही. सोटमूळ आणि गड्डा उभे चिरा. आतून पांढरं, घट्ट, ओलसर असेल तर उत्तम. मधोमध तपकिरी रेघ उतरलेली असेल तर गड्डा कुजायला लागलाय. अशी रोपं अजून एखादा हंगाम काढतात, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. गड्डा एकाच बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला मेलेला असेल तर बहुधा खुरांनी, चाकांनी किंवा खुरपणीत जखम झालेली असते.

पाण्याचं सांगते, कारण काही प्लॉट एका दिवसात गेलेले पाहिलेत. घासाला पाणी आवडतं, साचलेलं पाणी नाही. भारी जमिनीत, कडक उन्हाळ्यात, नुकत्याच कापलेल्या घासावर पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही आणि गरम पाण्यात गड्डे अक्षरशः शिजतात. दोन-तीन दिवसांत तुकड्यातुकड्याने पिवळा होऊन बसतो. भारी जमीन असेल तर कापणीच्या काही दिवस आधी पाणी द्या, वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, कापा, आणि कापल्यावर नवी फूट दिसायला लागली की पुढचं पाणी. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत एवढं जपायची गरज नाही. पेरणीच्या वेळीच सपाटीकरण नीट केलं तर निम्मा प्रश्न मिटतो. जमिनीचा सामू (pH) ६.५ ते ७.५ असावा; फार आम्लधर्मी जमिनीत मुळांवर गाठीच धरत नाहीत. गाठी आहेत का ते बघताना एक नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती कामावर आहे.

अमरवेल, म्हणजे घासावर जगणारी पिवळ्या धाग्यांची वेल, दिसली तर तो गोल तुकडा आजूबाजूच्या हातभर निरोग्या घासासकट जमिनीलगत कापून, वाळवून, तिथेच जाळा. पिवळे धागे ओढून बांधावर टाकलेत तर ते तिथून परत येतात. आणि पुढच्या वेळी बी घेताना अमरवेलमुक्त आहे याची खात्री करा.

घास विरळ झाला की लोक तिथेच पुन्हा घासाचं बी टाकतात. ते उगवतं आणि मग खुरटतं. जुन्या घासाच्या पाल्यामुळांतून अशी द्रव्यं जमिनीत उतरतात, जी घासाच्याच नव्या रोपांच्या मुळांना आखूड करतात. पहिल्या काही महिन्यांत नांग्या भरल्या तर चालतं, त्यानंतर नाही. जुन्या घासात मोकळी जागा पडली तर तिथे ओट किंवा एखादं गवत टाका आणि तेवढ्यावर निभवा.

खत: काय गेलं ते परत द्या

कापून नेणं आणि चरायला सोडणं यातला सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. चरणारं जनावर खाल्लेल्या पोषकद्रव्यांचा बहुतेक वाटा शेण-मुतातून तिथेच सोडतं. एकसारखं सोडत नाही, पाण्याजवळ आणि सावलीत ढीग घालतं, पण शेतातच ठेवतं. कापून नेलेल्या चाऱ्याबरोबर सगळं बाहेर जातं. घासाच्या एक टन कोरड्या चाऱ्याबरोबर, म्हणजे साधारण पाच टन हिरव्याबरोबर, २५ ते ३० किलो पालाश (पोटॅश) आणि सहा-सात किलो स्फुरद (फॉस्फेट) जातं. घास नत्र स्वतः मिळवतो, पालाश मिळवत नाही. पालाश कमी पडला की खालच्या जुन्या पानांच्या कडेने पांढरे बारीक ठिपके ओळीत दिसतात, मीठ सांडल्यासारखे. ते दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. पालाश एकदम देऊ नका, कारण पीक गरजेपेक्षा जास्त शोषून पहिल्याच कापणीत देऊन टाकतं. कापण्यांनंतर विभागून द्या. गवताला नत्र तसंच, प्रत्येक कापणीनंतर नवी फूट दिसल्यावर. शेणखत गोठ्यातून परत त्याच प्लॉटवर गेलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ते दुसऱ्याच पिकाला जातं आणि चाऱ्याचा प्लॉट वर्षानुवर्षं देतच राहतो.

खत नुसतं उत्पादन वाढवत नाही, शेतात कोण राहणार तेही ठरवतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं खत द्यायला सुरुवात केली. तो प्रयोग अजून चालू आहे. ज्या तुकड्याला काहीच दिलं नाही तिथे चाळीसच्या आसपास वनस्पती नांदतात, चारा कमी. जिथे चुना न घालता वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं तिथे जमीन आंबट होऊन दोन-तीन गवतं उरली. नत्राविना स्फुरद-पालाश मिळालेल्या तुकड्यांत द्विदल वाढली. बी कुणी टाकलं नव्हतं.

म्हणून गवत आणि द्विदल मिश्र लावली असेल तर युरियाचा हात आवरा. नत्र मिळालं की गवत उसळतं, द्विदल सावलीत जातं आणि वर्षभरात नाहीसं होतं. द्विदल पुन्हा वर आणायचं असेल तर नत्र थांबवा, स्फुरद-पालाश द्या आणि गवत थोडं लवकर कापून उजेड आत जाऊ द्या.

चराई

मोकळी सोडलेली जनावरं कुरण एकसारखं चरत नाहीत. चांगलं गवत आधी, आणि कालच चरलेल्या ठोंबाची कोवळी फूट आज पुन्हा, कारण ती सगळ्यात गोड लागते. जुनं रांठ गवत तसंच उभं. काही हंगामांत चांगली गवतं दमून मरतात आणि रांठ, काटेरी पसरतं. एकूण जनावरं कमी केली तरी हे थांबत नाही. ठोंबाला मिळणारी दुसरी चावणी थांबवावी लागते. जोमाच्या दिवसांत नवी फूट तीन-चार दिवसांत दाताला लागेल एवढी होते. म्हणून एका तुकड्यात त्याहून जास्त मुक्काम नको. मग त्या तुकड्याला वाढ पूर्ण होईपर्यंत सुट्टी. गवत झपाट्याने वाढत असेल तर चक्र लवकर फिरवा, मंद असेल तर सावकाश. बहुतेक लोक उलटं करतात: गवत कमी पडलं की घाईने पुढच्या तुकड्यात शिरतात, आणि सगळेच तुकडे उघडे पडतात.

चिखलात जनावरं सोडू नका. खुरांनी माती घट्ट होते आणि गड्डे फुटतात. भुकेलं जनावर ओल्या, कोवळ्या घासात कधीही सोडू नका, पोटफुगीने तासाभरात जाऊ शकतं.

स्टायलोसारख्या द्विदलांना दुसरी एक उसंत लागते. ती ठोंबापेक्षा बियांवर टिकतात. पहिल्या वर्षी बी पिकून जमिनीवर पडेपर्यंत तुकडा राखा. त्या बियांचं कवच कठीण असतं, सगळं एकदम उगवत नाही, थोडं थोडं पुढची वर्षं उगवत राहतं, ते चांगलंच. पेरायचं बी मात्र सुमारे ८० अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून मग पेरा.

बहुकापणीच्या कडवळाचं, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचं, थोडक्यात: गुडघ्याइतकं होईपर्यंत आणि पाण्याचा ताण बसलेल्या खोडव्यात (कापल्यावर पुन्हा फुटलेल्या पिकात) हायड्रोसायनिक आम्ल असतं, जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. कापून सुकवलं तर ते बरंच उडून जातं. ताणानंतर पाऊस झाला की लगेच कापू नका, तेव्हाच्या चाऱ्यात नायट्रेट साठलेलं असतं, आणि ते सुकवून जात नाही.

मोडायचं कधी

घासाची रोपं मोजू नका, काड्या मोजा. रोपं कमी झाली तरी उरलेली जास्त फुटतात. फूटभर लांबी-रुंदीची चौकट करून चार-पाच जागी टाका. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने दिलेला आडाखा असा: चौरस फुटात ५५ हून जास्त काड्या असतील तर उत्पादन पूर्ण, ४० च्या खाली गेल्या तर मोडायचा विचार करा. त्याबरोबर काही गड्डे चिरून बघा. काड्या ४५ आणि गड्डे पांढरे असतील तर मी अजून एक वर्ष ठेवीन. काड्या ५० आणि गड्डे तपकिरी असतील तर नाही.

मोडल्यावर त्या जागी मका, कडवळ किंवा गवत घ्या; कुजणाऱ्या मुळांतलं नत्र त्यांना मिळतं, पहिल्या पिकाचा युरिया बराच कमी करता येतो. घास पुन्हा त्याच जागी निदान वर्षभर नको. मका हातभर झाला की ओळींमध्ये जुन्या घासाचे चार-दोन ठोंब डोकं काढतील. ते खुरप्याने गड्ड्याच्या खालून, मुळासकट काढा. वरून कापलेत तर तीन आठवड्यांनी पुन्हा तिथेच उभे असतील.